बिलगावच्या धबधब्याला पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला धबधबा म्हटलं की मनुदेवी आठवते, नाहीतर पाटणादेवी. सकाळी डबा बांधायचा, दर्शन घ्यायचं, पाय ओले करायचे आणि दिवेलागणीला घरी. बिलगावचं तसं नाही. हे गाव नंदुरबार जिल्ह्याच्या पार उत्तरेला, धडगाव तालुक्यात आहे. सरकारी कागदावर या तालुक्याचं नाव अक्राणी, त्यामुळे फॉर्म भरताना किंवा हवामान बघताना धडगाव सापडलं नाही तर गोंधळू नका. सातपुडा ओलांडून उदई नदी नर्मदेकडे उतरते, त्या उतारावर हा धबधबा. नर्मदेच्या पलीकडच्या काठावर मध्य प्रदेश.

मी अमळनेरचा. दोनदा गेलो. पहिल्यांदा धबधबा न बघताच परत आलो, चिखलाचे बूट आणि तुटलेली क्लच केबल घेऊन. दुसऱ्यांदा निवांत बघितला. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं पहिल्या फेरीनेच शिकवलं.

१. महिना आधी ठरवा, सुट्टी मग बघा

बहुतेक जण जुलैत जातात, कारण तेव्हाच रील दिसायला लागतात. आम्हीही जुलैतच गेलो होतो. भर पावसात नदी गढूळ असते, सगळ्या धारा एकात मिसळतात आणि जवळ जाता येत नाही. लांबून तपकिरी पाणी बघायला एवढा घाट चढायचा का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

माझ्या मते पोळा होऊ द्या, गणपती जाऊ द्या आणि नवरात्राच्या आसपास निघा. पाणी निवळलेलं असतं, डोंगर हिरवे असतात, रस्त्यावरची माती बसलेली असते. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागतं. धनत्रयोदशीच्या सुमारास मात्र टाळा. तेव्हा अस्तंब्याची यात्रा असते. १३२५ मीटर उंचीच्या त्या शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला गर्दी लोटते आणि तळोदा-धडगावकडच्या गाड्या भरभरून जातात. यात्रेलाच जायचं असेल तर जरूर जा, पण दोन्ही एका दिवसात उरकायचा बेत करू नका.

हवामानाचा अंदाज स्वतःच्या गावाचा बघून काही उपयोग नाही. अक्राणी तालुक्याचा बघा. उदईचं पाणी वरच्या डोंगरांतून येतं. बिलगावात कपडे वाळत घातलेले असतात आणि वर धडगावकडे ढग फुटलेले असतात. नारंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत मोडा. पिवळा असेल तरी धडगावात पोहोचल्यावर तिथल्या माणसाला विचारूनच पुढे जा. पावसाळ्यात जिल्हाधिकारी कधीकधी धबधब्यांवर मनाईचा आदेश काढतात, तोही निघण्याआधी बघून घ्या. तो डावलून गेलात तर दंड होतोच, शिवाय तुम्हाला शोधायला कुणाला तरी पाण्यात उतरावं लागतं.

२. पोहोचायचं कसं

रेल्वेने यायचं असेल तर सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला उतरा. तिथून एसटीने तापीवरचं प्रकाशा ओलांडून शहादा किंवा तळोदा, आणि मग धडगाव. आम्ही अमळनेरहून मोटारसायकलने गेलो होतो: दोंडाईचा, सारंगखेड्याचा पूल, शहादा. शहाद्यापर्यंत रस्ता सपाट आहे. केळी, ऊस, पपई बघत जायचं. म्हसावद मागे पडलं की समोर डोंगर उभा राहतो.

धडगावला चढायचे मुख्य रस्ते दोन. एक शहाद्याकडून म्हसावदमार्गे, दुसरा तळोद्याहून चांदसैलीच्या घाटाने. चांदसैलीचा घाट देखणा आहे, पण पावसात तिथे दरडी येतात. त्यामुळे कुठला रस्ता चालू आहे ते त्याच दिवशी सकाळी शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या बसस्टँडवर विचारा. एसटीच्या चालक-वाहकाइतकी ताजी खबर कुणाकडे नसते. नकाशावरचं ॲप बंद घाटातूनही खुशाल वाट दाखवतं.

घाटात फोटोसाठी वळणावर गाडी लावू नका. २०२१ च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत पायी जायचा प्रयत्न केला. ती वाटेतच गेली. इथल्या लोकांचा दवाखान्याचा रस्ताही हाच आहे, आणि एका वळणावर आडव्या लावलेल्या दोन गाड्या तो बंद करायला पुरतात.

धडगावहून पुढे किलोमीटर मोजू नका, तास मोजा. चढ-उतार, वळणं, मध्ये गुरं, मध्ये खडी. अंतर कमी दिसतं म्हणून आम्ही अर्धा तास धरला होता, दीड तास लागला. खासगी जीप मिळतात, पण त्या भरल्याशिवाय सुटत नाहीत. बाजाराच्या दिवशी भरपूर असतात, एरवी एखादी. टपावर बसायला जागा आहे असं कुणी म्हणालं तर पुढची जीप येईपर्यंत थांबा.

३. मुक्काम धडगावात किंवा शहाद्यात, आणि निघायचं पहाटे

जळगाव, अमळनेर, धुळे, कुठूनही एका दिवसात जाऊन येऊ असं म्हणणारा माणूस एकतर कधी गेलेला नसतो, नाहीतर त्याने परतीचा घाट अंधारात उतरवलेला असतो. आम्ही दुसऱ्या प्रकारातले. धुकं, पाऊस, समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रखर लाइट आणि डाव्या हाताला दरी. माझा मित्र मागे बसून हनुमान चालिसा म्हणत होता. तो एरवी देवळातही जात नाही.

आदल्या रात्री शहाद्यात राहा, तिथे लॉज आहेत. धडगावात सोय मर्यादित असते, आधी फोनवर खात्री करा. सकाळी सहाला निघा आणि दुपारी दोनला धबधबा सोडा. पावसाळी ढग बहुतेक दुपारनंतरच जमतात. हा दोनचा नियम आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, कारण तिथे गेल्यावर “अजून दहा मिनिटं” म्हणणारा एकजण निघतोच.

४. सोबत काय घ्यायचं

कागद: आधार कार्ड, वाहन परवाना, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी. मूळ प्रती किंवा डिजीलॉकर, पण डिजीलॉकरमधले कागद आधी डाउनलोड करून ठेवा, कारण वर नेटवर्क सापडत नाही. नदीकाठाकडे गेलं की फोन कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो, कधी काहीच नाही. नकाशाही ऑफलाइन उतरवून घ्या.

पैसे: दहा, वीस, पन्नासच्या नोटा. क्यूआर कोड दुकानाच्या भिंतीवर असला तरी नेटवर्क नसेल तर तो नुसता कागद. पाचशेची नोट मोडून द्यायला दुकानदाराला अर्धं गाव फिरावं लागतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गाडी: पेट्रोल शहाद्यात किंवा तळोद्यात टाकी भरून घ्या. ब्रेक तपासा, टायरची हवा तपासा. मोटारसायकल असेल तर जास्तीची क्लच केबल चालू केबलच्या सोबतच, तिच्या बाजूने टेपने चिकटवून न्या. आमची केबल घाटाच्या मध्यावर तुटली. पंक्चर काढणाऱ्या एका पोराने कुठल्याशा जुन्या गाडीची केबल कापून, तिला तारेची गाठ मारून आम्हाला धडगावपर्यंत पोहोचवलं. पैसे घेईना. शेवटी चहा घेतला. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका, पेट्रोल वाचत नाही आणि ब्रेक तापतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

खाणं: घरून दशम्या घ्या. आपली आजी-आई प्रवासाला दुधातली दशमी बांधून देत होती ती उगाच नाही, दोन दिवस ती खराब होत नाही. सोबत तिळाची चटणी, कांदा, ठेचा. पिण्याचं पाणी माणशी दोन-तीन लिटर. धबधब्याचं पाणी स्वच्छ दिसतं, पण वर वस्ती आहे, गुरं आहेत. ते पिऊ नका.

बाकी: ट्रेकिंगचे खाचा असलेले बूट (चप्पल नको, गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट शूज तर मुळीच नको), टॉर्च, दोरी, शिट्टी, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, पॉवर बँक, पट्ट्या आणि औषधं. फोनमध्ये ‘दामिनी’ ॲप टाका. विजेचा इशारा देणारं सरकारी ॲप आहे ते, उपयोगाचं आहे. आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा: ११२ पोलिसांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी, १९२६ वनविभागाची हेल्पलाइन. फोनची बॅटरी संपली की फोनमधले नंबरही संपतात.

दारू नेऊ नका. याचं कारण सांगत बसत नाही.

५. गावात शिरताना

इथे पावरा आणि भिल लोकांची वस्ती आहे. घराघरांत पावरी किंवा भिलोरी बोलतात. पोरांना मराठी येते, म्हाताऱ्यांना थोडी, आणि आपली अहिराणी बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेली असते. “कथा चालनात?” (कुठे चाललात?) असं मीच एकाला विचारलं तर त्याने मला शुद्ध मराठीत “धबधब्याकडे जायचंय ना?” असं विचारलं. दादा, भाऊ, बाबा, मावशी म्हणा, हळू बोला, घाई करू नका.

धडगाव तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांत येतो, म्हणून इथे पेसा हा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. गावात शिरल्यावर पहिली गाठ पोलीस पाटलांची किंवा सरपंचांची घ्या. कुठून आलो, किती जण, कधी परतणार, एवढं सांगा. वनविभागाचा नाका लागला तर नोंद करा. पार्किंगचे किंवा प्रवेशाचे पैसे गाव घेत असेल तर घासाघीस न करता द्या आणि पावती मागा. गावातला एखादा तरुण सोबत घ्या. त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा आणि ठरली त्यापेक्षा थोडी जास्त द्या. खडकांमधली निसरडी जागा कुठली आणि पाणी खोल कुठे, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही.

कॅमेरा: नदीवर बायका कपडे धूत असतात, पोरं अंघोळ करत असतात. तिकडे कॅमेरा वळवायचा नाही. एखाद्या आजीच्या चांदीच्या दागिन्यांचा फोटो हवाच असेल तर आधी विचारा. नाही म्हणाली तर विषय संपला. ड्रोन घरी ठेवा.

आग पेटवू नका. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मोहाच्या एका झाडावर कुणाचं तरी वर्षाचं फूल-टोळंबीचं (टोळंबी म्हणजे मोहाची बी) गणित अवलंबून असतं.

६. फरशी पूल आणि पांढरा दगड

हा टप्पा नीट वाचा. आमची पहिली फेरी इथेच फसली.

डोंगराळ रस्त्यांवर ओढ्यांवर उंच पूल नसतात, फरशी असते: सिमेंटचा बुटका बांध, पाणी वाढलं की त्यावरूनच वाहतं. आम्ही पोहोचलो तेव्हा घोटाभर पाणी होतं. मित्र म्हणाला, जाऊ. मीही गिअर टाकला. बाजूला एक म्हातारेबाबा शेळ्या घेऊन बसले होते. त्यांनी काठीने खूण केली, थांबा. मग काही न बोलता उठले, पाण्याच्या अगदी कडेला एक मुठीएवढा पांढरा दगड ठेवला आणि परत येऊन बसले.

आम्ही वैतागून बघत राहिलो. पाच-सात मिनिटांत दगडाच्या बुडाला पाणी लागलं. आणखी थोड्या वेळाने दगड दिसेना. पाण्याचा रंगही बदलला, चहासारखा झाला, आणि त्यात काटक्या आणि सागाची ओली पानं यायला लागली. आमच्या डोक्यावर थेंबसुद्धा नव्हता. अर्ध्या तासात फरशी दिसेनाशी झाली आणि मांडीएवढं लाकूड तिच्यावरून गेलं. आम्ही पलीकडे असतो तर परत येता आलं नसतं. मध्ये असतो तर हे लिहायला मी नसतो.

तीन तास त्यांच्या घराच्या ओट्यावर बसलो. त्यांच्या सुनेने मक्याची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. मग तसेच मागे फिरलो.

तेव्हापासून कुठल्याही ओढ्याशी मी आधी दगड ठेवतो. तुम्हीही ठेवा. दहा मिनिटं बघा. पाणी स्थिर असेल किंवा उतरत असेल तरच पुढे. दगडापाशी पाणी चढलं, पाणी अचानक गढूळलं, पालापाचोळा वाहत आला किंवा वरून घरघर ऐकू यायला लागली, यातलं एकही दिसलं तर उंचावर जा. वस्तू गोळा करत बसू नका. पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी वेगात असेल तर मोटारसायकल त्यात घालू नका, ती आधी आडवी होते आणि मग वाहते. पुढचा ट्रॅक्टर गेला म्हणून आपणही जायचं, असंही नाही. ट्रॅक्टरची चाकं बघा, आपली बघा.

धबधब्यावर बसल्यावरही हाच दगड ठेवा आणि एकाला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगा. आळीपाळीने.

७. प्रत्यक्ष धबधब्यापाशी

दुसऱ्या फेरीत ऑक्टोबरमध्ये पोहोचलो. नदीचं पात्र इथे रुंद, काळ्या बेसाल्टचं. पाणी त्या खडकाच्या दातांमधून फुटून वेगवेगळ्या धारांनी खाली पडतं, एखादी जाड, एखादी वेणीसारखी बारीक. आवाज आधी येतो, गारवा मग, धबधबा सगळ्यात शेवटी दिसतो.

बेसाल्ट ओला झाला आणि त्यावर शेवाळ आलं की साबण. काळा चकचकीत खडक दिसला की पाय ठेवू नका, खरबरीत, कोरडा, राखाडी खडक निवडा. धारेच्या वरच्या काठावर जाऊ नका, फोटो खालून चांगले येतात. धारेच्या थेट खाली उभं राहू नका, पाण्याबरोबर दगडही येतात. डोहात उडी मारू नका. पोहता येतं म्हणून तर लोक बुडतात. डोहाच्या तळाशी कपारी असतात आणि पडणारं पाणी माणसाला खाली दाबून धरतं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. खाली नर्मदेत सरदार सरोवराचं पाणी आहे. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा तिथपर्यंत भरलं. पावसाळ्याच्या शेवटी हे फुगवट्याचं पाणी उपनद्यांच्या खोऱ्यांत वर सरकतं. ते शांत, हिरवं, तळ्यासारखं दिसतं आणि फसवं असतं. खाली बुडालेली झाडं, बांध, गाळ आहे. त्यात उतरू नका.

या पाण्याने इथलं बरंच काही नेलंय. बिलगावात २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदान करून, नर्मदा बचाओ आंदोलनाच्या आणि केरळहून आलेल्या दोन अभियंत्यांच्या मदतीने छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला होता. १५ किलोवॅटचा. घरांत दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात तो धरणाच्या पाण्यात गेला. आमच्यासोबतच्या तरुणाला मी जागा विचारली तर त्याने पाण्याकडे बोट केलं आणि चालत राहिला.

साप चावला तर: जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचला आणि धडगावच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता धरा, १०८ ला फोन लागेल तिथून लावा. दगडांच्या सापटीत हात घालू नका, फुरसं तिथेच असतं.

८. परतताना

कचरा पिशवीत भरून शहाद्यापर्यंत आणा. धडगावात तो टाकायला जागा शोधत बसू नका. बाजारात आमचूर घ्या. इथल्या गावठी आंब्यांचा, घराच्या छपरांवर वाळवलेला असतो. चव कडक आंबट, आमटीला चिमूटभर पुरतो. विकायला बसलेल्या बाईकडूनच घ्या.

सकाळी ज्यांना सांगून गेलात त्या प्रत्येकाला परत आलो म्हणून सांगा. दुसऱ्या फेरीत आम्ही धडगावात एका चहावाल्या काकांना “दुपारी परत येतो” म्हणून सांगून गेलो होतो. परतताना घाई होती, थेट शहादा गाठलं. रात्री साडेआठला अनोळखी नंबरवरून फोन आला. काकांनी सकाळी मित्राकडून नंबर मागून घेतला होता, टपरी उघडीच ठेवली होती आणि गावात निरोप पाठवायला माणूसही बघून ठेवला होता. पोहोचल्याचं ऐकल्यावर म्हणाले, “बरं, मग मी शटर टाकतो.”